अणुभट्टीचं सरपण

"मुलगी नेमकं काय काम करते म्हणालात?"

पोह्यांची बशी खाली ठेवत मुलाच्या आईनं विचारलं. माझी धाकटी बहीण गडबडली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी तीस वर्षं झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. असल्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायची, असं आमच्या घरात ठरूनच गेलेलं आहे. मी म्हटलं, "मुंबईला भाभा अणु संशोधन केंद्रात आहे, ट्रॉम्बेला. युरेनियमचा धातू तयार करतात ना, त्या विभागात."

'युरेनियम' हा शब्द उच्चारला आणि बैठकीतली बोलणीच थांबली. मुलाच्या काकांनी घड्याळात बघितलं. पाहुणे गोड बोलून उठले. निघताना मुलाच्या आईनं मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं आणि हळूच विचारलं, "राग मानू नका बाई, पण पुढं लेकरंबाळं होतील ना तिला?" मी "का नाही होणार?" एवढंच म्हटलं. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर पाहुणे यायच्या आधीच जुळवून झाली होती!

बहिणीनं सगळा राग माझ्यावर काढला. "अक्का, तूच तिला केमिस्ट्री घ्यायला लावलीस. तूच फॉर्म भरायला लावलास. आता बघ." तिचंही चुकलं नव्हतं. घनसावंगी तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची ही पोर बारावीनंतर माझ्याकडे जालन्याला राहिली, बी.एस्सी. झाली. प्रशिक्षणार्थी म्हणून तिची निवड झाली तेव्हा सगळ्या गल्लीत पेढे मीच वाटले होते. तिला नोकरी लागून चार वर्षं झाली. धाकट्या भावाची फी तीच भरते.

पण खरं सांगते, बहिणीच्या रागापेक्षा मला दुसरंच टोचत होतं. तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले, युरेनियम, अणुक्रमांक 92. पोरांकडून ते पाठ करून घेतलं. आणि एका आईनं साधा प्रश्न विचारला, तेव्हा मला "का नाही होणार" याच्यापुढे दोन वाक्यं बोलता आली नाहीत. आपली भाची सकाळी आठ ते संध्याकाळपर्यंत करते तरी काय, हे मलाच कुठं माहीत होतं?

दिवाळीला ती देवगिरी एक्सप्रेसनं आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी ओसरीवर बसलो होतो. बहिणीनं गावाकडून नवे मूग आणले होते, ते निवडणं चाललं होतं. मी विषय काढला. भाची म्हणाली, "मावशी, आतलं काही विचारू नकोस, ते सांगायचं नसतं. पण पुस्तकांत जे छापलेलं आहे, ते सगळं सांगते." मग तिनं माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि म्हणाली, "आम्ही तिथं हेच करतो बघ."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. त्या दुपारी आणि पुढे दोन दिवस ती सांगत गेली, मी विचारत गेले. ती परत गेल्यावर मी माझी जुनी पुस्तकं काढली, आणखी चार मागवली. त्यातून मला जे कळलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

युरेनियम जमिनीतून निघतं ते काही लखलखत्या धातूच्या रूपात नव्हे. झारखंडमध्ये जादुगुडा नावाचं गाव आहे. तिथं 1951 साली त्याचा साठा सापडला. खाणीतून निघतो तो साधा दगड. टनभर दगडात युरेनियम असतं अर्ध्या किलोच्या आसपास. दगड दळायचा, तेजाबात भिजवायचा, त्यातून युरेनियम काढून घ्यायचं आणि त्याची पिवळी भुकटी बनवायची. हळदीसारखी दिसते म्हणे. ही भुकटी म्हणजे निवडलेलं धान्य नव्हे, नुसती मळणी झालेली रास. खडे, माती, कोंडा अजून त्यातच.

"पण एवढ्या खड्यांनी काय बिघडतं?" बहिणीनं विचारलं. मुगात चार खडे राहिले तर दाताखाली येतील, युरेनियम काही कुणी खात नाही.

इथं खरी मेख आहे. अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटतो, तेव्हा उष्णता निघते आणि सरासरी दोन-अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात. न्यूट्रॉन म्हणजे अणूच्या पोटातले बारीक कण. त्यातल्या एकानं तरी जाऊन पुढचा अणू फोडला पाहिजे, म्हणजे विस्तव धुमसत राहतो. आता युरेनियममध्ये बोरॉन नावाचा पदार्थ मिसळलेला असला, तर तो हे न्यूट्रॉन गिळून टाकतो. कॅडमियमही गिळतो. आणखीही दोनचार असले खादाड आहेत. ते जास्त झाले की विस्तव विझलाच.

आणि 'जास्त' म्हणजे किती? कॅरम बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर तुम्हाला माहीत आहे. झुरळांसाठी कणकेच्या गोळ्या करतो, त्यातही तीच घालतो. त्या पावडरीत बोरॉन असतो. क्विंटलभर युरेनियमच्या घाण्यात या पावडरीची एक चिमूट पडली, तरी तो घाणा बाद व्हायची वेळ येते. दहा लाख भागांत बोरॉनचा एक भागसुद्धा चालत नाही, त्याच्याही खाली यावं लागतं. दहा लाख दाण्यांत एक खडा! माझ्या सासूबाई फार कडक होत्या, पण इतक्या नाही.

एवढं बारीक निवडायचं कसं? चाळणीनं नाही, हातानं तर नाहीच. भाची म्हणाली, "मावशी, मटणाच्या रश्श्यावर तर्री येते ना?"

मिरचीचा लाल रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून रश्श्याचा सगळा लाल रंग वरच्या तेलात जमा होतो. इथंही तेच करतात. पिवळी भुकटी नायट्रिक आम्लात विरघळवायची, गाळायची. मग त्यात रॉकेलसारखं तेल घालायचं. त्या तेलात ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचं एक रसायन मिसळलेलं असतं. घुसळलं की युरेनियम खालच्या पाण्यातून निघून वरच्या तेलात जातं. बोरॉन, लोखंड, बाकीचा सगळा गाळ खाली पाण्यातच राहतो. मग ते तेल वेगळं करून स्वच्छ पाण्याशी घुसळायचं, की युरेनियम परत पाण्यात उतरतं, एकटंच. हे एकदा नाही, एकामागून एक कितीतरी वेळा. आपण तांदूळ पाणी निवळ होईपर्यंत धुतो, तसं.

पुढचं ऐकताना तर मला आपलंच स्वयंपाकघर दिसत होतं. त्या स्वच्छ पाण्यात अमोनिया सोडला की, दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसा पिवळा साका खाली बसतो. तो गाळायचा, चक्क्यासारखा निथळू द्यायचा, वाळवायचा, भाजायचा. भाजला की तो नारिंगी होतो. मग हायड्रोजन वायूत तापवला की तपकिरी होतो. नंतर हायड्रोजन फ्लोराइड नावाच्या वायूत तापवला की हिरवागार होतो. कारखान्यातले लोक त्याला 'हिरवं मीठ' म्हणतात. पिवळा, नारिंगी, तपकिरी, हिरवा. दारात दिवाळीची रांगोळी होती, भाची तिच्याकडे बोट दाखवून एकेक रंग सांगत होती.

पण हे मीठ म्हणजे अजून धातू नाही. ते मॅग्नेशियमच्या किसात मिसळून एका जाड पोलादी भांड्यात ठासून भरतात, भांडं घट्ट बंद करतात आणि भट्टीत तापवतात. ठरावीक तापमानाला पोचलं की आतलं मिश्रण आपोआप पेट घेतं. फ्लोरिन मॅग्नेशियमला जाऊन चिकटतो आणि युरेनियम सुटं होतं. गुऱ्हाळात रस उकळताना मळी वर येते, तसा मळ वर तरंगतो आणि धातू जड म्हणून तळाशी बसतो. गार झाल्यावर भांडं उघडलं की तळाला धातूचा गोळा. केवढा जड? एक लिटरच्या तांब्यात मावेल एवढा धातू 19 किलो भरतो, जवळपास सोन्याइतका. तेवढंच लोखंड आठ किलोसुद्धा भरत नाही. तो गोळा हवा काढून घेतलेल्या भट्टीत पुन्हा वितळवतात, कारण तापलेलं युरेनियम हवेशी लगेच जळू लागतं. मग त्याच्या कांबी करायच्या आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांत बंद करायच्या. हे झालं इंधन.

भट्टी, गोळा, मळी, कांबी. जालनेकरांना हे शब्द काही नवे नाहीत. आमच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया करायच्या भट्ट्या रात्रंदिवस चालू असतात. 'जालना सोने का पालना' म्हणायचे पूर्वी, आता लोखंडाचा म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की आमच्याकडे भट्टीत येईल ते भंगार पडतं, आणि तिथं दहा लाखांत एक कणही वावगा चालत नाही.

हे काम आपल्या देशानं सुरू केलं, त्याची गोष्टही मला फार आवडली. कॅनडाच्या मदतीनं ट्रॉम्बेला एक अणुभट्टी बांधायचं चाललं होतं, तिचं नाव पुढे 'सायरस' पडलं. तिला युरेनियम धातूचं इंधन लागणार होतं. भट्टी बाहेरच्यांच्या मदतीची, मग इंधनही बाहेरूनच आणायचं का? डॉ. होमी भाभांनी ठरवलं, इंधन आपण घरी करायचं. 1956 साली निर्णय झाला. धातुशास्त्राचे जाणकार डॉ. ब्रह्मप्रकाश यांच्याकडे जबाबदारी दिली. त्या योजनेला नाव दिलं होतं 'फायरवुड', म्हणजे आपलं सरपण! 30 जानेवारी 1959 रोजी शुद्ध युरेनियमचा पहिला गोळा निघाला आणि 10 जुलै 1960 रोजी सायरस सुरू झाली, तेव्हा तिच्या पोटात काही कांबी आपल्या हातच्या होत्या.

हे ऐकून बहीण पहिल्यांदा हसली. म्हणाली, "म्हणजे आमची माय रानात काट्याकुट्या वेचायला जायची, तेच हिचं चाललंय."

तुम्ही म्हणाल, मग आपल्या घरात येणारी वीज याच कांबींची का? तर नाही. वीज करणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना धातू लागत नाही, त्या तपकिरी भुकटीच्याच जातीचं इंधन चालतं. तिच्या छोट्या गोळ्या दाबून, भाजून कडक करतात. ते काम हैदराबादला 1971 साली उभारलेल्या आण्विक इंधन संकुलात होतं. तारापूरला 2005 आणि 2006 साली ज्या दोन मोठ्या अणुभट्ट्या सुरू झाल्या, त्या असल्या गोळ्यांवर चालतात. गंमत बघा, आमच्या देवगिरी एक्सप्रेसचं एक टोक मुंबईला, दुसरं हैदराबादला. मधे जालना. आणि इतकी वर्षं आम्हाला दोन्हीकडचं काही माहीत नाही.

धातूच्या कांबी लागतात त्या संशोधनाच्या भट्ट्यांना. सायरस 2010 साली कायमची बंद झाली. 'ध्रुव' नावाची तिच्याहून मोठी भट्टी 1985 पासून आहे. या भट्ट्यांमध्ये औषधोपचारासाठी लागणारे किरणोत्सारी पदार्थ तयार करतात. माझ्या मोठ्या जाऊबाईंना थायरॉईडची गाठ झाली होती. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना आयोडीनचा एक डोस दिला आणि काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायला सांगितलं. ते आयोडीन-131. ध्रुवसारख्या भट्टीत टेल्युरियम नावाचा पदार्थ ठेवून ते बनवतात. जाऊबाई आज ठणठणीत आहेत आणि भाचीच्या नोकरीला नाकं मुरडणाऱ्यांत त्यांचाच नंबर पहिला होता!

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. लेकरंबाळं होतील का?

मी भाचीला सरळ विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. पण ज्याची वाटायला पाहिजे त्याचीच."

खाणीतून आलेलं युरेनियम किरणं सोडतं, पण फार सावकाश. ते निम्मं व्हायला 450 कोटी वर्षं लागतात, जवळपास पृथ्वीचं वय. त्याची मुख्य किरणं इतकी लेचीपेची की कागदानं किंवा अंगाच्या कातडीनं अडतात. खरा धोका आहे तो धुळीचा. बारीक भुकटी श्वासातून छातीत गेली किंवा तोंडावाटे पोटात गेली, तर ते आतून घात करतं. मूत्रपिंडावर तर ते शिशासारखं विषच. म्हणून भुकटीचं काम बंद पेटीत, हवा ओढून घेणाऱ्या पंख्याखाली, तोंडाला मास्क लावून. दुसरी भीती त्या हायड्रोजन फ्लोराइडची. अंगावर पडलं तर ते हाडापर्यंत उतरतं. त्यावर लावायचं कॅल्शियमचं मलम हाताशी ठेवावंच लागतं. तिसरी भीती आगीची, कारण युरेनियमचा बारीक कीस आपोआप पेटू शकतो. "किरणांची भीती सगळ्यांना वाटते मावशी, आणि खरी काळजी घ्यायची असते धुळीची आणि ॲसिडची."

मग तिनं सांगितलं की तिथं मोजतात. छातीवर एक बिल्ला लावलेला असतो, अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. वेळोवेळी लघवी तपासतात, शरीरात युरेनियम गेलं का ते बघायला. अशा कामावरच्या माणसासाठी आपल्या देशात मर्यादा ठरलेली आहे, वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट. मूल होण्यावर परिणाम व्हायला एकाच वेळी त्याच्या कितीतरी पट किरणं अंगावर पडावी लागतात. आणि एखादीला दिवस गेले, तिनं तसं कळवलं, की पोटातल्या बाळासाठी मर्यादा आणखी खाली येते, फक्त 1 मिलिसिव्हर्ट, बाहेरच्या सामान्य माणसाइतकी. त्याप्रमाणे तिचं काम बदलतात. हे उत्तर मला त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात देता यायला हवं होतं.

हे ऐकत असताना माझी नजर आमच्या ह्यांच्याकडे गेली. ते पलीकडे पेपर वाचत बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. वीस वर्षांपूर्वी एका भट्टीवर ते कामाला होते. ओल्या भंगाराचा लगदा भट्टीत पडला आणि वितळलेलं लोखंड उसळलं. त्या काळात संरक्षण म्हणून त्यांच्याकडे काय होतं? गळ्यातला ओला पंचा. छातीत किती धूर जातो, कानावर किती आवाज पडतो, हे कुणी मोजलं नाही, कुणी विचारलंही नाही. आणि माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या आईनं तरी कुठं विचारलं होतं, जावई भट्टीवर काम करतो, त्याचं काय? "पर्मनंट आहे" एवढ्यावर लग्न ठरलं होतं.

माझी आई तरी काय, जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली. शेवटची दहा वर्षं खोकत होती. चुलीच्या धुरानं छाती गेली, असं डॉक्टर म्हणाले. सुनेला चूल फुंकावी लागते म्हणून कुणी स्थळ मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. सवयीच्या धोक्याला आपण धोका म्हणतच नाही. अनोळखी धोक्याचं नाव ऐकलं की मात्र पत्रिका जुळेनाशी होते.

पण मैत्रिणींनो, भाचीची बाजू घेताना मला सगळंच गोड करून सांगायचं नाही. दोन-तीन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत.

पहिली म्हणजे, अर्धा किलो युरेनियमसाठी टनभर दगड दळला, त्याचा उरलेला चिखल कुठं जातो? जादुगुड्याला तो मोठ्या तळ्यांमध्ये सोडतात. आसपास संथाळ आणि हो आदिवासींची गावं आहेत. व्यंग असलेली मुलं जन्मतात, बायकांचे गर्भ पडतात, अशी तिथल्या लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. खाणीची सरकारी कंपनी आणि अणुऊर्जा विभाग म्हणतात, याचा किरणांशी संबंध नाही. डिसेंबर 2006 मध्ये चिखल वाहून नेणारा नळ फुटला, तेव्हा तो गावाजवळच्या ओढ्यात गेला होता. लेकरंबाळं होतील का, हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो तिथल्या बायकांसाठीही विचारायला पाहिजे. त्यांच्या छातीवर बिल्ला नाही.

दुसरी गोष्ट, सरपणानं चूल पेटते तसं घरही पेटतं. सायरसमध्ये वापरलेल्या कांबींमधून प्लुटोनियम काढलं गेलं आणि 18 मे 1974 रोजी पोखरणला जो स्फोट झाला, तो त्या प्लुटोनियमचा होता. थायरॉईडचं औषध आणि बॉम्ब, दोन्ही एकाच भट्टीच्या पोटातून आले.

तिसरी गोष्ट, देशातल्या अणुकेंद्रांवर लक्ष ठेवायला 1983 साली नियामक मंडळ स्थापन झालं. पण भाभा केंद्रातल्या कामाची तपासणी 2000 साली त्या मंडळाकडून काढून केंद्राच्याच समितीकडे दिली गेली. मी शिक्षिका होते, मला ठाऊक आहे, आपला पेपर आपणच तपासला की मार्क कसे पडतात.

हे मी भाचीला बोलून दाखवलं. मला वाटलं ती चिडेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, हे विचारायलाच पाहिजे. पण विचारायचं असेल तर काम माहीत असणारं माणूस आत पण पाहिजे ना? मी गावाकडं येऊन बसले तर कोण विचारणार?" मला तिचं म्हणणं पटलं. सगळंच पटलं असं नाही, पण हे पटलं.

दिवाळी संपली. रात्री तिला सोडायला स्टेशनवर गेलो. बहिणीनं चिवडा, शंकरपाळे आणि ते निवडलेले मूग, दोन किलो, डब्यात भरून दिले. गाडी यायला वेळ होता. बहिणीनं अचानक विचारलं, "तो बिल्ला तू रोज लावतीस ना?"

"रोज, आई."

"विसरत नाहीस?"

"विसरले तर आतच सोडत नाहीत."

बहिणीनं मान हलवली. पोरगी डॉक्टरकडे जाऊन आल्यावर आई जशी मान हलवते, तशी.

गेल्या महिन्यात आणखी एक स्थळ आलं. मुलगा संभाजीनगरला एका रंगाच्या कारखान्यात आहे. या वेळी मी मुद्दाम गप्प बसले. मुलाच्या आईनं तोच प्रश्न विचारला, जरा आडून. "तिथं म्हणे काही... तब्येतीला..." बहिणीनं पदर सावरला. म्हणाली, "युरेनियम असतं तिथं. धोका धुळीचा असतो आणि ॲसिडचा. पोरीच्या छातीवर बिल्ला असतो, लघवी तपासतात, सगळं मोजून लिहून ठेवतात. मूल व्हायला त्याची अडचण नाही." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "तुमचा मुलगा रंगाच्या कारखान्यात आहे म्हणालात. तिथं छातीत काय जातं, ते कोण मोजतं?"

पुन्हा शांतता पसरली. पण ही शांतता मागच्यासारखी नव्हती. मुलाची आई आपल्या मुलाकडे बघत होती. तिला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलगा जरा हसला आणि म्हणाला, "मास्क देतात. पण मोजत कोणी नाही."

त्यांचा निरोप अजून यायचा आहे. काय येईल ते येवो. पाहुणे गेल्यावर बहीण माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अक्का, बरोबर बोलले ना गं मी? एखादा शब्द चुकला तर नाही?"

तीस वर्षं शिकवलेल्या बाईनं धाकट्या बहिणीला सांगितलं, "नाही गं. एकही नाही."